ती स्लाइडच होती

अमेरिकन जॅझ वादक जे. जे. जॉन्सन ट्रॉम्बोन (पितळी फुंकवाद्य) इतक्या स्पीडने वाजवतो म्हणजे तो बटणांचा, व्हॉल्व्हचा ट्रॉम्बोन असणार, असं कोणीतरी म्हटलंय, ते नाही पटलं. तेव्हाच्या कित्येक लोकांचा तोच समज झाला होता, पण ती साधी स्लाइडच, म्हणजे मागेपुढे सरकवायची नळी. मी कॉलेजच्या बँडमध्ये वर्षभर ट्रॉम्बोन धरलाय, स्लाइड थांबवायच्या सात जागा, म्हणजे पोझिशन असतात, सातव्याला हात जवळजवळ पूर्ण ताणावा लागतो आणि घाईत सूर घसरतोच. पण एकच सूर दोन जागी मिळतो, म्हणजे मधला डी हा सूर पहिल्या पोझिशनला आहे तसाच चौथ्यालाही, मग हात आधीच तिथे असेल तर मागे कशाला आणायचा? जे. जे. ऐकताना हे लक्षात ठेवा, स्लाइडची हालचाल कमीत कमी, जीभ हलकी, आणि व्हायब्रेटो, म्हणजे सुराचं थरथरणं, जवळपास नाहीच, म्हणून प्रत्येक सूर सुटा आणि स्वच्छ येतो.

आणि एक गोष्ट कोणी फारशी सांगत नाही. १९५२ ते ५४ हा माणूस पोटासाठी स्पेरी कंपनीच्या कारखान्यात ब्लूप्रिंट तपासत होता. इतका मोठा वादक, काउंट बेसीच्या नावाजलेल्या जॅझ बँडमधून आलेला! त्याच सुमारास, एप्रिल १९५४ मध्ये, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसबरोबर ‘वॉकिन’ या रचनेचं रेकॉर्डिंग झालं, आणि त्याच वर्षी काई विंडिंग या दुसऱ्या ट्रॉम्बोनवादकाबरोबरची दोन ट्रॉम्बोनची जोडी जमली. ‘वॉकिन’मधला जे. जे.चा सोलो (एकट्याने वाजवलेला भाग) हेडफोन लावून ऐका, कुठेही घाई नाही.