परदेशात राहताना इमिग्रेशनला पत्ता कळवणं: तुमचे अनुभव

गवतफूल:
काल जुने पासपोर्ट आवरताना आत स्टेपल केलेल्या ९० दिवसांच्या चिठ्ठ्या सापडल्या. बँकॉकला आलो तेव्हा लेक कडेवर होती. तिला घेऊन चेंग वत्थनाच्या सरकारी संकुलात इमिग्रेशनची रांग लावायची, टीएम ४७ (पत्ता कळवायचा फॉर्म) द्यायचा आणि पुढची तारीख छापलेली चिठ्ठी घेऊन घरी यायचं. आता तेच काम कुकरच्या शिट्ट्या होईस्तोवर फोनवर होतं. तरी मंजुरीचा ईमेल आल्याशिवाय मला चैन पडत नाही.

नव्याने येणाऱ्यांना हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून लिहिते. थायलंडमध्ये सलग राहात असाल तर दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचाच. ऑनलाइन भरायचं तर मुदतीच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस आधीपर्यंतच. तो काळ हुकला तर प्रत्यक्ष जा, तिथे मुदत संपल्यावरही ७ दिवस घेतात. त्यानंतर २००० बात दंड. आणि याने व्हिसा वाढत नाही, ते काम वेगळं. तुमच्याकडे कसं आहे? लिहा सगळ्यांनी.

उंबरठा:
टीएम ३० आधी!! म्हणजे घरमालकाने इमिग्रेशनकडे करायची तुमची नोंद. ती केलेली नसेल तर पुढे सगळं अडतं. कायद्याने ती २४ तासांत करायची असते. माझा ऑनलाइन अर्ज परत आला तेव्हा कळलं की घरमालकीणबाईंनी काही केलंच नव्हतं. आता मी किल्ली घेतानाच पावती मागते.

सांजवात:
देशाबाहेर गेलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आमचे हे कामासाठी सारखे सिंगापूरला, त्यांना कधी भरावंच लागत नाही. मी आणि मुलं मात्र दर वेळी. तिघांचे तीन वेगळे अर्ज.

गवतफूल:
हो गं सांजवात, घरोघरी हेच. मुलांच्या तारखाही आपल्याच डोक्यात.

पाणपोई:
अमेरिकेतून. इथे ठरावीक दिवसांनी नाही, पण घर बदललं की १० दिवसांत कळवायचं. त्याचा फॉर्म एआर ११. यूएससीआयएसच्या (इथलं इमिग्रेशनचं ऑफिस) साइटवर आपल्या खात्यातून ऑनलाइन होतं. ग्रीनकार्डवाल्यांनाही लागू आहे, लोकांना वाटतं आता आपण सुटलो. नागरिक झालात की मगच सुटका. एच ४ वर (नोकरीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या बायकोचं, मुलांचं प्रत्येकाचं वेगळं.
पोस्टात पत्ता बदलून भागत नाही. मैत्रिणीचं बोटांचे ठसे द्यायला बोलावल्याचं पत्र तसंच परत गेलं, नव्या घरी आलंच नाही. किती रडली बिचारी.

रानवाट:
अरेरे. मग मिळाली का तिला नवीन तारीख?

पाणपोई:
मिळाली, पण मधले दिवस फार वाईट गेले. विद्यार्थ्यांनी मात्र कॉलेजच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसला कळवायचं, त्यांची नोंद तिथून होते. भाच्याला हे मीच सांगितलं.

कौलारू:
जपान. २०२३ च्या फेब्रुवारीपासून जुन्या गावातून निघाल्याची नोंद माय नंबर कार्डाने (इथलं ओळखपत्र) ऑनलाइन होते, पण नव्या ठिकाणी १४ दिवसांत कुयाकुशोत (वॉर्ड ऑफिस) जावंच लागतं. रेसिडेन्स कार्डाच्या मागे नवा पत्ता तिथेच छापून देतात. आमच्या काउंटरवरच्या आजींनी कांजी (जपानी चित्रलिपी) लिहिताना माझा हात थरथरतोय बघून स्वतः शेजारी बसून फॉर्म भरून घेतला. फार माया वाटली हो.

रानवाट:
वा, कौलारू! आम्ही जर्मनीत. दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. आणि टपालपेटीवर आडनाव लावा आधी! नाव नसेल तर पत्रं परत जातात, मग बँकेचं कार्ड नाही की करक्रमांक नाही. आमचं जोशी हे सगळे ‘योशी’ वाचतात, पण पेटीवर आहे तोवर चालतंय. बाकी नंतर लिहिते, पिल्लू उठलं.

सांजवात:
गवतफूल ताई, पासपोर्ट नवा झालाय. ऑनलाइन होईल का?

गवतफूल:
पहिल्यांदा प्रत्यक्ष जाऊन ये, दोन्ही पासपोर्ट घेऊन. त्यानंतरचे ऑनलाइन. आणि चिठ्ठीची प्रिंट काढून पासपोर्टात ठेव, नुसती फोनमध्ये नको.

उंबरठा:
+१ प्रिंटला. चिठ्ठीवर थाई साल दिसलं तर घाबरू नका, ५४३ वजा करायचे.

मोगरा:
मधेच विचारते. आईबाबा दीड महिन्यासाठी येताहेत बँकॉकला, त्यांना ९० चं काही नाही ना?

उंबरठा:
नाही, त्याआधीच परत जाणार ना ते. पण तुमच्याकडे राहणार म्हणजे टीएम ३० त्यांचंही, २४ तासांत.

मोगरा:
अगं बाई, बरं झालं विचारलं. घरमालकाला आत्ताच लाइन ॲपवर मेसेज टाकते. आईकडून दोघांच्या पासपोर्टचे फोटो मागवून ठेवते.