हेजिंगबद्दल थोडं
पॅलॅडियम या मौल्यवान धातूच्या आपल्या खाण कंपनीने हेजिंग केलं नाही, म्हणजे पुढच्या मालाचा भाव आधीच बांधून ठेवला नाही, म्हणून मॅनेजमेंट झोपलं होतं असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. मार्च 2022 मध्ये युक्रेन युद्धामुळे पॅलॅडियम औंसाला 3,400 डॉलरच्या वर गेलं आणि 2024 च्या सुरुवातीला हजाराच्या खाली, पण तेजीच्या आधीच 2,000 ला फॉरवर्ड विकून (पुढे द्यायच्या मालाचा भाव आधीच ठरवून) ठेवलं असतं तर वरची मलई गेली म्हणून आपणच भागधारक ओरडलो असतो ना. पण अमेरिकेतल्या मोंटानाच्या स्टिलवॉटर या पॅलॅडियम खाणीचं खरंच वाईट वाटतं, भाव पडल्यामुळे 2024 मध्ये तिथल्या शेकडो नोकऱ्या गेल्या. अशा जास्त खर्चाच्या खाणीने निदान थोड्या मालावर पुट (ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क) घेऊन खालचा भाव बांधायलाच हवा, त्या हक्कासाठी द्यावा लागणारा प्रीमियम जातो तर जाऊ दे.