अपडेटनंतर सर्व्हर बूट होत नाही, कर्नल पॅनिक (सिस्टीमचा गाभाच अडकून थांबणं) येतंय. डेटा न गमावता कसा उठवायचा?

दगडी_पूल

उबंटू सर्व्हर २२.०४, दोन २ टीबी डिस्क, सॉफ्टवेअर रेड-१ (दोन्ही डिस्कवर एकच डेटा, एमडीएडीएमने केलेला). त्यावर एलव्हीएम (जागेचे हवे तसे भाग पाडणारा थर), रूट (मुख्य फाइलसिस्टीम) एक्स्टी-४. /बूट (बूटच्या फाइलींचं पार्टिशन) वेगळं आहे, ५१२ एमबी, तेही रेड-१ वर. पोस्टग्रेस १४ (डेटाबेस) आणि सुमारे ४० जणांच्या सामायिक फाइली याच मशीनवर आहेत. रात्री आपोआप अपडेट झाले, सकाळी रीस्टार्ट केल्यावर पडद्यावर शेवटची ओळ अशी:

कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)

बॅकअप दोन दिवसांपूर्वीचा आहे. हार्डवेअरवाला म्हणतोय की डिस्क गेली, नवीन इन्स्टॉल करा. तसं करण्याआधी काय तपासू?

टर्मिनलतात्या

इन्स्टॉलरला हात लावू नका. हा संदेश डिस्क गेल्याचा नाही. कंसातले आकडे नीट वाचा, सगळं तिथेच आहे. (०,०) म्हणजे रूट कुठे आहे हेच कर्नलला कळलेलं नाही. एलव्हीएमवरचं रूट शोधणं हे इनिटरॅमएफएसचं (बूटच्या सुरुवातीची तात्पुरती सिस्टीम, ती इनिटआरडी नावाच्या फाइलमध्ये असते) काम, आणि ती फाइल लोडच झालेली नाही. कर्नलला डिस्क दिसली पण फाइलसिस्टीम वाचता आली नाही, तर (८,१) किंवा (८,२) असं काहीतरी दिसतं, कारण ८ हा एसडीए, एसडीबी या डिस्कांचा मेजर क्रमांक. इनिटरॅमएफएस लोड होऊन रूट सापडलं नसतं तर पॅनिक न येता बिझीबॉक्सचा (इनिटरॅमएफएसमधल्या छोट्या शेलचा) प्रॉम्प्ट आला असता. आणि ग्रबला (कर्नल लोड करणाऱ्या बूटलोडरला) स्वतःचीच मोड्यूल सापडली नाहीत तर 'ग्रब रेस्क्यू' येतं. चारही दुखणी वेगळी, चारही औषधं वेगळी.

तुमच्या बाबतीत माझा संशय थेट त्या ५१२ एमबीवर आहे. २२.०४ मध्ये इनिटआरडीची एक फाइल १०० एमबीच्या आसपास जाते, त्यात कर्नल आणि सिस्टीम-मॅप धरले तर एका आवृत्तीमागे साधारण १२० एमबी. चौथी आवृत्ती आली की जागा संपते. मग होतं असं: व्हीएमलिनझ (कर्नलची) फाइल उतरते, इनिटआरडी बनवताना 'जागा नाही' म्हणून अर्धवट फाइल पुसली जाते, पण ग्रबची यादी नव्याने बनते आणि त्यात नवं कर्नल सगळ्यात वर बसतं, इनिटआरडीशिवाय.

हे पेनड्राइव्हशिवाय तपासता येतं. मशीन चालू होताना बायॉस मोडमध्ये शिफ्ट दाबून धरा. यूईएफआय (बायॉसच्या जागी आलेली नवी पद्धत) असेल तर एस्केप एकदाच दाबा (सारखं दाबत राहिलात तर ग्रबच्या कोऱ्या प्रॉम्प्टवर जाल). यादी आली की पहिल्या नोंदीवर 'ई' दाबा. 'लिनक्स' ने सुरू होणारी ओळ दिसेल. तिच्याखाली 'इनिटआरडी' ची ओळ नसेल तर निदान पक्कं. एस्केपने बाहेर या, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जाऊन आधीची आवृत्ती निवडा. बहुतेक वेळा मशीन तिथूनच उठतं.

दगडी_पूल

तात्या, इनिटआरडीची ओळ खरंच नाहीये. ५.१५.०-१२२ च्या नोंदीत फक्त लिनक्सची ओळ आहे. पण जुनं ५.१५.०-११९ निवडलं तर बिझीबॉक्सच्या प्रॉम्प्टवर थांबतंय: 'अलर्ट! /डेव्ह/मॅपर/उबंटू--व्हीजी-उबंटू--एलव्ही डझ नॉट एक्झिस्ट'.

पाटपाणी

म्हणजे दुसरी अडचणही आहे आणि ती रेडची असू शकते. पुढे काहीही लिहिण्याआधी दोन्ही डिस्क तपासा. ही पायरी वगळली तर शिळ्या डिस्कवरून ताजी डिस्क पुसली जाऊ शकते.

त्याच आवृत्तीच्या उबंटू सर्व्हर आयएसओवरून बूट करा, इन्स्टॉलरच्या 'हेल्प' मेनूत 'एंटर शेल' आहे. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच रोमनमध्ये.) तिथे:

स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए, मग एसडीबी (डिस्कची तब्येत कळते). ५, १९७ आणि १९८ क्रमांकाच्या ओळी बघा. १९७ म्हणजे वाचता न येणारे, निकालात न निघालेले सेक्टर. तो आकडा शून्य नसेल तर दुरुस्ती थांबवा आणि आधी डीडीरेस्क्यूने मॅपफाइल देऊन त्या डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा. स्मार्टसीटीएल आयएसओवर नसेल तर स्मार्टमॉनटूल्स पॅकेज टाका.

मग एमडीएडीएम --एक्झामिन प्रत्येक सदस्य पार्टिशनवर. 'इव्हेंट्स' आणि 'अपडेट टाइम' या दोन ओळींची तुलना करा. आकडे सारखे असतील तर दोन्ही आरसे ताजे. एकाचा आकडा बराच मागे असेल तर ती डिस्क कधीच बाहेर पडली आहे. तिला तूर्त जोडू नका.

नंतर एमडीएडीएम --असेंबल --स्कॅन आणि /प्रॉक/एमडीस्टॅट बघा. [यूयू] म्हणजे दोन्ही, [यू_] म्हणजे एकच. नावं एमडी१२६, एमडी१२७ अशी दिसली तर घाबरू नका, लाइव्ह सिस्टीमकडे तुमची एमडीएडीएम.कॉन्फ नसते म्हणून ती अशी पडतात. एमडीएडीएमला --क्रिएट कधीही देऊ नका. आणि एफएससीके (फाइलसिस्टीमची तपासणी-दुरुस्ती) एकट्या सदस्य पार्टिशनवर चालवू नका, त्याने दोन आरसे एकमेकांपासून वेगळे होतात.

डेटा आधी बाहेर काढायचा असेल तर व्हीजीचेंज -एवाय करून (एलव्हीएम चालू होतं) रूट वाचण्यापुरतं माउंट करा. एक लक्षात असू द्या: नुसतं 'आरओ' दिलं तरी एक्स्टी-४ राहिलेलं जर्नल पूर्ण करताना डिस्कवर लिहितं. डिस्क ठणठणीत असेल तर ते चांगलंच. पोस्टग्रेससाठी /व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/१४/मेन ही डिरेक्टरी पीजी_वॉलसह (बदलांच्या नोंदी) पूर्ण उचला. त्यातली फक्त 'बेस' घेतली तर काही उपयोग नाही. ती प्रत १४ च्याच पोस्टग्रेसवर उघडेल, १५ वर नाही.

दगडी_पूल

दोन्ही डिस्कवर १९७ शून्य. इव्हेंट्स सारखे, [यूयू]. व्हीजीचेंजनंतर रूट दिसलं, प्रत दुसरीकडे घेतली. /बूट १०० टक्के भरलेलं आहे. आता चरूट (लाइव्ह सिस्टीमवरून सर्व्हरच्या स्वतःच्या रूटमध्ये शिरणं)?

टर्मिनलतात्या

हो. रेड धड आहे, म्हणजे ११९ ची इनिटआरडीही अपुरी असणार, त्यात एमडी किंवा एलव्हीएमचा भाग आलेला नसावा.

माउंटचा क्रम चुकवू नका: आधी रूट /एमएनटी वर, मग बूटचा एमडी /एमएनटी/बूट वर. बूट माउंट करायला विसरणं ही इथली सगळ्यात सामान्य चूक. इनिटआरडी रूटमधल्या रिकाम्या फोल्डरमध्ये बनते, सगळं यशस्वी दिसतं आणि रीस्टार्टनंतर पुन्हा तेच पॅनिक. यूईएफआय असेल तर ईएसपी (यूईएफआयचं बूट पार्टिशन) /एमएनटी/बूट/ईएफआय वर. मग डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे --आरबाइंडने जोडून चरूट /एमएनटी. रन जोडलं नाही तर आत डीएनएस चालत नाही.

आत गेल्यावर:

सगळ्यात जुन्या आवृत्तीची इनिटआरडी फाइल /बूट मधून हाताने काढा, कारण अर्धवट कॉन्फिगर झालेल्या अवस्थेत एपीटी स्वतः काही काढू देत नाही. मग डीपीकेजी --कॉन्फिगर -ए, आणि जुनी कर्नल पॅकेज पर्ज करा (पूर्ण काढा). १२२ आणि ११९ ठेवा.

त्यानंतर एमडीएडीएम.कॉन्फ मधले ॲरेचे (रेड संचांचे) यूयूआयडी (ओळखक्रमांक) एमडीएडीएम --डिटेल --स्कॅनशी जुळतात का बघा. नावं न जुळोत, यूयूआयडी जुळायलाच हवेत.

अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के ५.१५.०-१२२-जेनेरिक. ११९ साठी तेच, पण -सी ऐवजी -यू. आवृत्ती स्वतः लिहा. 'यूनेम -आर' चा आधार घेऊ नका, चरूटमध्ये ते पेनड्राइव्हवरचं कर्नल सांगतं.

रीस्टार्टआधी एलएसइनिटरॅमएफएसने नवी फाइल उघडून त्यात रेड१ मोड्यूल, एमडीएडीएम आणि एलव्हीएम तिन्ही दिसतात का ते शोधा. दिसले तरच अपडेट-ग्रब, आणि बायॉस मोड असेल तर ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए आणि /डेव्ह/एसडीबी दोन्हींवर, पार्टिशनवर नव्हे. एकाच डिस्कवर ग्रब असलेला रेड-१ ती डिस्क गेली की उठत नाही.

दगडी_पूल

उठला! बायॉस मोडच होता. जुन्या एमडीएडीएम.कॉन्फ मध्ये ॲरेचा यूयूआयडी चुकीचा होता, तो बदलून दोन्ही इनिटआरडी नव्याने केल्या. पोस्टग्रेस चालू झाला, लॉग स्वच्छ आहे. आता ५१२ एमबीचं काय करू? पुढच्या अपडेटला पुन्हा हेच होईल.

पाटपाणी

/बूट ला लागूनच एलव्हीएमचा पीव्ही (एलव्हीएमने वापरलेलं पार्टिशन) असेल, तर पार्टिशन वाढवणं जोखमीचं आहे. इनिटरॅमएफएस.कॉन्फ मध्ये मोड्यूल्स=डेप केलं तर फाइल बरीच लहान होते, पण मग त्याच डिस्क दुसऱ्या मशीनमध्ये लावल्यावर बूट होतीलच असं नाही. सर्व्हरवर मी हे करणार नाही.

माझं मत: /बूट रूटमध्येच हलवा. तुमचं रूट रेड-१ वरच्या साध्या एलव्हीएमवर आहे, एनक्रिप्शन नाही. ग्रब ते थेट वाचतो. /बूट मधलं सगळं दुसरीकडे कॉपी करा, /बूट अनमाउंट करा, कॉपी रिकाम्या /बूट फोल्डरमध्ये टाका, एफएसटॅबमधली /बूट ची ओळ कॉमेंट करा, मग ग्रब-इन्स्टॉल दोन्ही डिस्कवर आणि अपडेट-ग्रब. जुनं पार्टिशन दोन-तीन रीस्टार्ट नीट होईपर्यंत तसंच ठेवा. बूट होताना 'डिस्कफिल्टर राइट्स आर नॉट सपोर्टेड' असा संदेश येऊ शकतो. ग्रबला एलव्हीएमवर आपली नोंद लिहिता येत नाही एवढाच त्याचा अर्थ, कळ दाबा किंवा काही सेकंद थांबा, बूट पुढे जातं.