वस्तीत कोरडा संडास: लोक वापरतील का?

होटगी रोड (धागाकर्ता):
उजनी भरली तरी सोलापुरात नळ काही दिवसांआडच येतो. बाईनं घागरींनी साठवलेलं पाणी संडासात ओतायचं का? ड्रेनेजची लाईन गल्लीत येईपर्यंत पोरींनी अंधारात आडोसा शोधायचा का? लघवी वेगळी काढणारे कोरडे संडास बांधून बघा. वापरल्यावर राख टाकायची. खाली मैल्याचे दोन कप्पे असतात, एक भरला की बंद करून दुसरा वापरायचा. बंद कप्प्याला वर्षभर तरी हात लावायचा नाही, जंतांची अंडी लवकर मरत नाहीत. मैल्याचं खत करणारे गोपुरी संडास गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी आपल्याच कोकणात रुजवले.

कुंभार वेस:
माझा विरोध. अप्पासाहेब स्वतः मैला उचलायचे. इथं कोण उचलणार? टोपलीच्या संडासांनी ज्यांच्या पिढ्या खाल्ल्या, तीच माणसं ना? हातानं मैला उचलायला लावणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. दक्षिण आफ्रिकेत डर्बन महापालिकेनं २००० च्या कॉलऱ्यानंतर असे हजारो संडास बांधले आणि कप्पा उपसणं घरच्यांवर टाकलं. लोक नाराजच राहिले, त्यांना फ्लश हवा होता. बंगल्यात फ्लश आणि वस्तीत राख, हे आम्हाला मान्य नाही.

विडी घरकुल:
ओ, राख कुठनं आणायची? घरोघरी गॅस हाय की. आन् आपण पाण्यानं धुणारी माणसं. ते पाणी कप्प्यात गेलं की वास, माशा. त्यापरीस दोन शोषखड्ड्यांचा बरा. भांड्याला उतार असला की दोन लिटरात काम हुतंय बगा.

होटगी रोड:
राख नसेल तर लाकडाचा भुसा किंवा सुकी माती चालते. धुवायची जागा बाजूला वेगळी करतात. शोषखड्डे मलाही चालतील, पण आमच्याकडं थोड्याशा मुरुमाखाली कातळ लागतो. पाणी मुरणार कुठं? शेजारी बोअर असला तर आणखी धोका.
कुंभार वेस, जातीचा प्रश्न खराच आहे. पण चेंबरमध्ये, सेप्टिक टाकीत उतरून गुदमरून मरणारे कोण असतात? फ्लशनं तो प्रश्न सुटलेला नाही. कप्पा कोण, कधी, कोणत्या यंत्रानं रिकामा करणार, हे महापालिकेनं आधी लेखी द्यावं. त्याशिवाय वीट रचू देऊ नये, या मताचा मीही आहे.

कुंभार वेस:
लेखी मिळालं तर वस्तीच्या बैठकीत विषय घेऊ. बायकांना आधी बोलू द्या. ड्रेनेजची मागणी मात्र सोडणार नाही.

भाडेकरू:
आम्ही दहा बाय दहाच्या खोलीत सहाजण. दोन कप्पे असोत की दोन खड्डे, मालक जागा देत नाही. आमच्यासाठी सार्वजनिक संडासाला दार, दिवा आणि पाणी आधी मागा.