शब्दचर्चा : ‘अ‍ॅक्यूट इस्केमिक स्ट्रोक’ला मराठीत काय म्हणावे?
(तळटीप, निघंटू, नाडी आणि क्षकिरण ही चर्चेत बोलणाऱ्यांची टोपणनावे.)

तळटीप :
पक्षाघाताच्या निदान-उपचारांवरील संशोधनाचा गोषवारा मराठीत करायचा आहे. तो तालुक्याच्या ठिकाणचे डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णांचे नातेवाईक वाचतील. हाताशी आलेल्या मसुद्यात ‘तीव्र स्थानिक-रक्ताल्पताजन्य पक्षाघात’ असे आहे. हे चालेल का? ‘थ्रॉम्बोलिसिस’, ‘विंडो’ (औषध देता येण्याचा अवधी) आणि ‘पेनम्ब्रा’ यांनाही शब्द हवेत.

निघंटू :
आधी ‘तीव्र’ काढा. मराठीत तीव्र म्हणजे जोराचा, सहन न होणारा. ‘अ‍ॅक्यूट’ मात्र इथे वेळेबद्दल बोलतो: अचानक उद्भवलेला, नुकताच झालेला. पक्षाघात किती गंभीर हे मोजणाऱ्या एनआयएचएसएस या ० ते ४२ गुणांच्या मोजपट्टीवर जेमतेम ३ गुण भरलेला, हाताची पकड थोडी सुटलेला रुग्णही अ‍ॅक्यूटच असतो. ‘तीव्र पक्षाघात झाल्यास तातडीने न्या’ असे छापले, की घरचे म्हणणार, आमच्याकडे तर सौम्य आहे, सकाळी बघू. या एका विशेषणाने माणसाचा हात कायमचा जाऊ शकतो.

आयुर्वेदात आशुकारी आणि चिरकारी अशी नेमकी जोडी आहे. चिरकारी मराठी वैद्यकीय लेखनात रुळला, त्याचा जोडीदार मागे राहिला. डॉक्टरांच्या भागात ‘आशुकारी’ घ्या, नातेवाइकांसाठी सरळ ‘नुकताच झालेला’.

‘रक्ताल्पता’ वाचून दहांतले नऊ जण हिमोग्लोबिन कमी झाले असे समजतील. मूळ ग्रीक शब्दात ‘रोखणे’ आणि ‘रक्त’ एवढेच आहे. म्हणून ‘रक्तरोधजन्य’ किंवा त्याहून बरे, ‘मेंदूची रक्तवाहिनी तुंबल्याने झालेला’. तुंबणे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. रक्तवाहिनी फुटून होतो तो दुसरा प्रकार. तुंबणे आणि फुटणे या दोन क्रियापदांवर पुढचे सगळे उपचार ठरतात.

नाडी :
‘पक्षाघात’बद्दल एक सावधगिरी. पक्ष म्हणजे बाजू, म्हणजे हा शब्द परिणामाचा आहे, कारणाचा नाही. मेंदूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा तुंबला तर हातपाय शाबूत राहून नुसता तोल जातो, एकाचे दोन दिसतात किंवा नजरेचा अर्धा भाग नाहीसा होतो. ‘एक बाजू लुळी पडली नाही, म्हणजे पक्षाघात नाही’ हा समज शब्दातूनच येतो. ‘मेंदूचा झटका’ही अडचणीचा, कारण झटका म्हटले की कुणाला आकडी वाटते, कुणाला हृदयविकार. मी पहिल्या उल्लेखात ‘पक्षाघात, म्हणजेच स्ट्रोक’ लिहीन आणि लगेच पुढे, लुळेपणा नसतानाही तो असू शकतो, हे सांगेन.

‘अंगावरून वारं गेलं’ हा गावाकडचा वाक्प्रचार रुग्णाच्या घरच्यांना विचारायच्या प्रश्नावलीत असलाच पाहिजे. पुष्कळांना पक्षाघात कळत नाही, वारं जाणं कळतं. पण वाऱ्याच्या पाठोपाठ तेल आणि मालिश येते, अर्धांगवायूतला वायूही तिकडेच नेतो. त्यामुळे हे शब्द विचारण्यासाठी घ्यावेत, कारण सांगण्यासाठी नव्हे.

‘लकवा’ हा मूळ अरबीत चेहरा वाकडा होण्याचा शब्द. आजही तोंड वाकडे झाले की लकवा म्हणतात, आणि चेहऱ्याची नस सुजली तरी तोंड वाकडे होतेच. फरक कपाळावर दिसतो. आठ्या घालायला सांगा: नस सुजली असेल तर त्या बाजूचे कपाळही सपाट राहते, पक्षाघातात बहुधा आठ्या पडतात. मेंदूच्या देठातल्या पक्षाघातात मात्र ही खूण फसवते, म्हणून तिच्यावर घरी निर्णय नको.

बोलण्यासाठी मसुद्यात ‘बोबडी वळणे’ आले असेल तर तेही काढा, बोबडी भीतीने वळते. ‘जीभ जड होणे’ आणि ‘शब्द न सापडणे’ वेगवेगळे लिहा. घड्याळ दाखवून ‘हे काय?’ विचारले की फरक कळतो. पहिला ‘घड्याळ’च म्हणतो, पण अडखळत. दुसऱ्याला शब्दच सापडत नाही, किंवा प्रश्नच समजत नाही.

क्षकिरण :
‘विंडो’ची ‘खिडकी’ करू नका. ‘मुदत’ही नको. मुदत म्हटले की शेवटच्या दिवशी भरले तरी चालते, वीजबिलासारखे. अमेरिकेतल्या १९९५च्या एनआयएनडीएस चाचणीत अल्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे औषध ३ तासांच्या आत दिले होते, २००८च्या युरोपीय इकॅस-३ ने ती मर्यादा साडेचार तासांवर नेली. पण फायदा पहिल्या मिनिटापासून घटत जातो. मी ‘कमाल वेळमर्यादा साडेचार तास, जितके लवकर तितके उत्तम’ असे लिहीन. दुसरा अर्धा भाग गाळायचा नाही.

ही वेळ कुठून मोजायची? ‘केव्हा झालं?’ विचारले की उत्तर येते, ‘सकाळी सहाला’. ती कळल्याची वेळ, झाल्याची नव्हे. विचारायचे ते असे: ‘शेवटचं धडधाकट कधी पाहिलं? रात्री पाण्याला उठले होते का? तेव्हा नीट बोलले, चालले?’ ‘लक्षणांची सुरुवात’ऐवजी अर्जावर ‘शेवटचे धडधाकट दिसल्याची वेळ’ असा रकाना हवा. झोपेतून उठताना लक्षात आलेल्यांसाठी एमआरआयची युक्ती आहे: ‘डिफ्युजन’ प्रकारच्या चित्रात इजा दिसते, ‘फ्लेअर’ प्रकारच्या चित्रात अजून दिसत नाही, तर घटना बहुधा साडेचार तासांतली. २०१८च्या वेक-अप चाचणीत याच आधारावर औषध देऊन फायदा दिसला.

अहवालातल्या ‘सीटी नॉर्मल’चेही भाषांतर करायला हवे. पहिल्या तासांत तुंबलेल्या पक्षाघाताचा सीटी साफ दिसू शकतो. तो मुख्यतः रक्तस्राव नाही ना हे पाहण्यासाठी काढतात, ताजे रक्त पांढरे दिसते. म्हणून ‘रक्तस्राव दिसत नाही’ लिहा. ‘नॉर्मल’ ऐकून लोक रुग्णाला घरी नेतात.

पेनम्ब्राला ‘उपच्छाया’ उत्तम. पंचांगवाल्यांमुळे छायाकल्प चंद्रग्रहण वाचकाला माहीत असते, आणि मूळ शब्दही ग्रहणातूनच आला आहे. निरोगी मेंदूला दर १०० ग्रॅमला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त लागते. ते २०च्या खाली गेले की पेशी काम थांबवतात, १०च्या खाली मरू लागतात. मधल्या पट्ट्यातल्या पेशी मुक्या असतात, मेलेल्या नसतात. सगळी धावपळ त्या पट्ट्यासाठी. उपच्छाया आणि ‘मृतभाग’ ही जोडी ठेवा. मृतभागाचा ‘अभिकोथ’ हा पारिभाषिक शब्द कोशात राहू दे.

नाडी :
थ्रॉम्बोलिसिससाठी ‘गुठळी विरघळवणे’. ‘रक्त पातळ करायचे इंजेक्शन’ हा रुळलेला शब्द इथे घातक आहे. अ‍ॅस्पिरिन नवी गुठळी होऊ देत नाही, हे औषध झालेली गुठळी तोडते. ‘रक्त पातळ करायची गोळी घरीच दिली’ असे ऐकू येते ते याच गोंधळातून, तेही फुटले की तुंबले हे कळण्याआधी. औषध दिल्यावर २४ तास, पुन्हा सीटी होईपर्यंत, अ‍ॅस्पिरिन थांबवतात.

मात्रा तक्त्यात नको, वाक्यात उदाहरणासह द्या. अल्टेप्लेज किलोला ०.९ मिलिग्रॅम, कमाल ९०. दहावा हिस्सा एका मिनिटात, उरलेले तासाभरात. ६० किलोच्या रुग्णाला ५४: आधी ५.४, मग ४८.६. टेनेक्टेप्लेज हे याच कामाचे दुसरे औषध किलोला ०.२५, कमाल २५, एकाच वेळी. म्हणजे ६० किलोला १५. इथे ठळक लिहा की हृदयविकारातली मात्रा याच्या जवळपास दुप्पट असते आणि ती सवयीने दिली जाण्याचा धोका असतो. आधी साखर तपासलेली हवी, रक्तदाब १८५/११०च्या खाली हवा. संमतिपत्रात धोकाही स्पष्ट हवा: एनआयएनडीएसमध्ये लक्षणे देणारा मेंदूतला रक्तस्राव ६.४ टक्के रुग्णांत झाला, औषध न मिळालेल्यांत ०.६ टक्के.

तळटीप :
आणि थ्रॉम्बेक्टमी? मसुद्यात ‘क्लथ-उच्छेदन शस्त्रक्रिया’ आहे.

क्षकिरण :
‘शस्त्रक्रिया’ वाचून कवटी उघडणार असे वाटते. जांघेतल्या किंवा मनगटातल्या रोहिणीतून नळी वर नेऊन गुठळी जाळीने ओढतात किंवा शोषून घेतात. ‘नळीवाटे गुठळी काढणे’ पुरे. मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तरच, हे जोडा. २०१५मध्ये मिस्टर क्लीनसह पाच चाचण्यांनी ती सिद्ध झाली, पुढे डॉन चाचणीने चित्रण पाहून निवडलेल्या रुग्णांत ६ ते २४ तासांपर्यंत.

तळटीप :
मग शीर्षक असे करतो: ‘मेंदूची रक्तवाहिनी तुंबून नुकताच आलेला पक्षाघात’.

निघंटू :
‘आलेला’ नको, ‘झालेला’. झटका येतो, वारं जातं, अंग लुळं पडतं, पक्षाघात होतो.