बाळाच्या खोलीचं छत : आमच्याकडचा चांदवा

बाळाच्या खोलीच्या छताला चमकणाऱ्या चांदण्या चिकटवाव्यात का, असं कुणीतरी विचारलंय. खुशाल चिकटवा, पण पहिले दोन महिने त्या आईबापासाठीच! नवजात लेकराला जेमतेम २० ते ३० सेंटीमीटरवरचंच नीट दिसतं. दहा फुटांवरचं छत त्याला धूसरच.

आमचं घर यवतमाळकडच्या खेड्यात, कवेलूचं, म्हणजे मातीच्या कौलांचं. वरून माती, पालीची लेंडी, पावसाळ्यात एखादा विंचूही पडतो. म्हणून पोरगी व्हायच्या आधी सासूबाईंनी जुन्या सुती लुगड्याचा चांदवा सागाच्या फाट्यांना ताणून बांधला. लाल काठ बरोबर पाळण्यावर आला. तिसऱ्या महिन्यात पोरगी त्या काठाकडे टक लावून बघत पडायची, हुंकार द्यायची. मी हौसेनं लावलेल्या फिक्या गुलाबी फुग्यांकडे तिनं ढुंकून पाहिलं नाही. ठळक रंगच लावा.

पाळण्यावर कापडी चिमण्या टांगल्या तर पाचव्या महिन्याच्या सुमारास, लेकरू हातागुडघ्यांवर उठायला लागलं की काढाच. दोरी गळ्यात अडकते. पंख्याजवळ तर काहीच नको. आणि टिनाचं छत असेल तर चिकटवलेलं एप्रिलातच गळून पडेल. आमच्या गोठ्यात लावलेल्या स्टिकरचं तेच झालं.

चांदवा मात्र महिन्यातून एकदा काढून धुवा. पहिल्यांदा झटकला तेव्हा सूपभर माती निघाली होती.