लिमा एअरपोर्टवरून अल्पाका घ्यावा का?

कोथरूडकर: ऑफिसच्या कामाने पेरू देशात, लिमात आहे, परवा रात्री पुण्याला निघायचंय आणि खरेदी अजून शून्य. आईला शाल आणि बायकोला स्वेटर न्यायचाय, अल्पाकाच्या (तो इथला लामासारखा प्राणी) लोकरीचाच. बाजारात फिरायला वेळ मिळेलसं वाटत नाही, तर एअरपोर्टवरच उरकू का, की तिथे नुसतं लुटतात? आणि ते बेबी अल्पाका म्हणजे पिल्लांची लोकर असेल तर आई हातसुद्धा लावणार नाही.

पर्वतीपायथा: पिल्लांचा काही संबंध नाही हो, आईंना निर्धास्त सांगा. बेबी म्हणजे धाग्याचा बारीकपणा, साधारण 22 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, तो मोठ्या अल्पाकाच्या अंगावरही निघतो. त्याहून तलम ती रॉयल. एअरपोर्टला महाग पडेल हे खरंच, पण कुना किंवा सोल अल्पाकाचं दुकान दिसलं तर घ्या, दोन्ही पेरूतल्याच अरेकिपा शहरातल्या लोकरवाल्यांचे ब्रँड आहेत, फसवणुकीची भीती नाही.

चिवडाप्रेमी: माझी फजिती ऐका. लिमातल्याच मिराफ्लोरेस भागातल्या बाजारात घासाघीस करून ‘बेबी अल्पाका’ लिहिलेली तीन मफलरं घेतली, तुळशीबागेत बांगड्या घेतल्यासारखा खूश होतो. घरी आल्यावर बहिणीला शंका आली, तिने एक धागा ओढून काडी लावली तर त्याची चक्क प्लॅस्टिकची कडक गोळी झाली. खऱ्या लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरता येते. एअरपोर्टवर काडी लावू नका म्हणजे झालं! तिथे आतलं लेबल वाचा, ‘अक्रिलिको’ (म्हणजे अ‍ॅक्रिलिक, कृत्रिम धागा) दिसलं की ठेवून द्या. गालाला लावून पण बघा, अल्पाका आधी जरा गार लागतो आणि हातात जड पडतो.

पर्वतीपायथा: हो, लेबलचं बरोबर. आणि स्वेटर धुतल्यावर दोरीवर टाकू नका, मेंढीच्या लोकरीसारखा तो परत आकसत नाही, ओला लोंबला की झगा होतो. गार पाण्यात थोडा शांपू, पिळायचं नाही, टॉवेलवर आडवा वाळवायचा.

कोथरूडकर: धन्यवाद मंडळी. आईला आत्ताच फोनवर सांगितलं, म्हणाली पुण्यात थंडी असते पंधरा दिवस, साडेअकरा महिने शाल डांबरगोळ्यांतच राहणार, पण आण, रंग मोरपंखी बघ.

चिवडाप्रेमी: डांबरगोळ्या खरंच ठेवा, कसर लागते याला.